शेवटच्या चार ओळी

आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळे त्यांना मेजर म्हणायचे. ते मेजर नव्हते. अमेरिकन आर्मीत ते सार्जंट होते, आणि हे ते दर गणपतीत, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या दर पॉटलकला, हातातली प्लेट खाली ठेवून नव्याने सांगायचे. "सार्जंट. मेजर हुकूम सोडतो, सार्जंट निस्तरतो." समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्याच वाक्याला म्हणायचा, "ते खरं हो मेजर, पण श्रीखंड घेतलंत का?" आपल्या लोकांना सैन्यातला माणूस म्हटला की तो मेजर तरी हवा, नाहीतर कॅप्टन. त्याखालचा हुद्दा कोणाच्या तोंडात बसत नाही.

मी आपली काका म्हणायचे. अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये आमच्या समोरचंच घर त्यांचं. मूळचे नागपूरकडचे. शिकायला इथे आले आणि एमएस अर्धवट टाकून सैन्यात गेले. एवढं ऐकूनच मंडळातल्या निम्म्या काकूंच्या भुवया वर जायच्या. इराकमध्ये ट्रक उलटला. पाठीत सळया आणि स्क्रू, डावं पाऊल उचललं जायचं नाही म्हणून पायाला प्लॅस्टिकचा ब्रेस, हातात काठी. ट्रकचं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "रस्ता होता, मग नव्हता." त्यापलीकडे आठ वर्षांत एक अक्षर नाही. बायको केव्हाच वेगळी झालेली. मुलगी टेक्ससमधल्या प्लेनोला. ती दर रविवारी फोन करायची. काका मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं झकास चालायचं.

पंधरा मिनिटांच्या वर गाडी चालवली की त्यांची पाठ धरायची. त्यामुळे हॉस्पिटलला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी घरून काम करते, म्हणजे सगळ्या जगाच्या मते मी रिकामीच असते.

काम काय, तर मेडिकल कोडिंग. पेशंटचं काय काय निघालं, काय काय केलं, ते रिपोर्टमधून शोधायचं आणि त्याला ठरलेला कोड लावायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिपोर्ट. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ पळत असतं, किती झाले ते वरून कोणीतरी बघत असतं. या धंद्यात माणूस पहिली युक्ती शिकतो ती ही: थेट तळाला जायचं. स्कॅनच्या रिपोर्टच्या शेवटी इम्प्रेशन असतं, म्हणजे निष्कर्ष. तीन-चार ओळी. वरचं लांबलचक वर्णन म्हणजे नुसती खोगीरभरती, असं आम्ही समजतो. मी तरी समजत होते.

काकांचं याच्या बरोबर उलटं. त्यांच्या डायनिंग टेबलवर मी कधी जेवण पाहिलं नाही, फक्त रिपोर्ट. मणक्याचे, गुडघ्याचे, मानेचे, वर्षवार लावलेले. नवा आला की प्रिंट काढायचा, चष्मा पुसायचा आणि शाळेतली असते तशी एक फूटपट्टी ओळीखाली धरायची. एक ओळ झाली की पट्टी खाली. खालचं काही दिसता कामा नये. शब्द अडला की मला हाक.

"काका, खाली बघा ना. इम्प्रेशनमध्ये सगळं लिहिलेलं असतं."

"घाई काहून करून राह्यली? गाडी सुटते का तुझी?"

"माझं डोंबलाचं घड्याळ पळतंय ना तिकडे!"

"पळू दे. त्याला पाय आहेत, मला एकच आहे."

रिपोर्टमधल्या शब्दांशी त्यांची खासगी दुश्मनी होती. 'माइल्ड' दिसला की संतापायचे. "माइल्ड! एक दिवस घाल म्हणावं माझी पाठ, मग लिही माइल्ड." 'अनरिमार्केबल' म्हणजे दखल घेण्यासारखं काही नाही. त्यावर एकदा तासभर भांडले. "माझं लिव्हर अनरिमार्केबल? वीस वर्षं आर्मीची कॉफी पचवली त्यानं!" आणि 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचवलेलं असलं की त्याचा तर्जुमा ठरलेला: "म्हणजे मी बोट दाखवलं, आता तुमचं तुम्ही पाहा."

हसत होते मी. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे मला गर्भाशयामुळे कळलं.

झालं असं, की एकदा त्यांच्या कंबरेचा आणि ओटीपोटाचा स्कॅन झाला. रिपोर्ट आला. मी सवयीने तळ वाचला, सळया जागेवर, स्क्रू जागेवर, छान. काकांची पट्टी अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी मला हाक मारली नाही, नुसतं बोट ठेवलं. लिहिलं होतं, गर्भाशय आणि बीजकोश नॉर्मल. डॉक्टर बोलतात, मशीन टाइप करतं, आणि खाली बायकांसाठीचा तयार मजकूर तसाच राहिला असणार. मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी. काकाही हसले, पण क्षणभरच.

"हसलीस ना? आता सांग. ज्यानं हे लिहिलं, त्यानं बाकीचं तरी मला पाहून लिहिलं का?"

त्यांनी फोन करकरून तो रिपोर्ट दुरुस्त करून घेतला. मंडळात मात्र वर्षभर सांगत फिरले, "माझं गर्भाशय एकदम नॉर्मल आहे, लेखी आहे माझ्यापाशी." काकू लोकांनी पदर तोंडाला लावले.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदा गाडीत सांगितलं. त्यांचे वडील मोठेपणी, लग्न झाल्यावर, रात्रशाळेत अक्षर ओळखायला शिकले. त्यांच्या आजोबांना तर शाळेच्या पायरीवरसुद्धा कोणी बसू दिलं नव्हतं. वडील पेपर हातात घेत, तो पहिल्या ओळीपासून अगदी तळाशी छापखान्याचं नाव असतं तिथपर्यंत वाचत. टेंडरच्या नोटिसासुद्धा. "मी म्हटलं, बाबा, छापखान्याचं नाव वाचून काय करता? तर म्हणाले, छापलं आहे ना? मग ते मला वाचता आलं पाहिजे." काका खिडकीतून बाहेर बघत होते. "अर्धं वाचून ठेवून देणारा माणूस मला समजतच नाही, पोरी."

मी तेव्हा हूं म्हटलं आणि हायवेचा एक्झिट घेतला.

त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जवळचं सगळं धूसर, वाचायचा चष्मा महिन्याभराने मिळणार. त्यातच एका कुशीत कळ यायला लागली, मुतखडा असेल म्हणून पोटाचा सीटी स्कॅन केला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"रिपोर्ट आला म्हणून मोबाइल वाजला. मला तर काही दिसत नाही. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर माझ्या खात्यात जा आणि वाच. पासवर्ड देतो."

मी जेवत होते. एका हातात पोळीचा तुकडा, दुसऱ्या हातात माउस, आणि कामाच्या खिडकीत सतरा रिपोर्ट रांगेत उभे. मी त्यांचा रिपोर्ट उघडला आणि थेट खाली गेले. शेवटच्या चार ओळी. डाव्या किडनीत बारीक खडा, अडथळा नाही. सळया जागेवर. तातडीचं काही नाही.

"सगळं ठीक आहे काका. बारीक खडा आहे, पाणी प्या."

त्यांनी विचारलं, "सगळं वाचलंस?"

आणि मी म्हणाले, "हो हो, सगळं."

चूक झाली असं मी म्हणू शकते, आणि पुष्कळ दिवस म्हणत होते. पण चूक वेगळी आणि हे वेगळं. ते मला स्पष्ट शब्दांत विचारत होते आणि मी स्पष्ट शब्दांत खोटं बोलले. पोळीचा तुकडा खाली ठेवायचे कष्ट नकोत म्हणून.

ऑक्टोबरात परत कळ आली, परत स्कॅन. आता डोळे लखलखीत. मी त्यांच्याकडे मेथीची भाजी द्यायला गेले होते, आणि टेबलवर पट्टी नव्या रिपोर्टवरून खाली सरकत होती. मी डबा ठेवून निघणार, एवढ्यात ते म्हणाले, "बस जरा."

त्यांचा आवाज नेहमीचाच होता. मी बसले.

"उजव्या फुप्फुसाच्या तळाशी गाठ. तेरा मिलिमीटर. फेब्रुवारीत सात होती, असं म्हणतो हा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फेब्रुवारीत कुठं होती गाठ?"

ते उठले. काठी न घेता, टेबलाला धरून धरून गेले आणि फेब्रुवारीचा रिपोर्ट काढून आणला. तो त्यांनी प्रिंट करून फाइलला लावला होता, पण वाचलेला नव्हता. का वाचतील? मी वाचला होता ना! त्यांनी पट्टी ठेवली. नाव. तारीख. आणि मग वर्णनाची पहिलीच ओळ. अहो, पहिलीच! पोटाच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाचा थोडासा तळ दिसतो, आणि तो सगळ्यांत वर लिहितात. गाठ, सात मिलिमीटर, काही महिन्यांनी पुन्हा तपासावी. ती ओळ लिहिणाऱ्याने ती खाली निष्कर्षात घेतली नव्हती. ज्या डॉक्टरांनी स्कॅन सांगितला त्यांनी रिपोर्टचा तळ वाचला. आणि मी तळ वाचला. पहिली ओळ आम्हां दोघांनाही दिसली नाही.

पट्टी तिथून हलेना.

"हे वाचलं होतंस?"

"नाही."

"मी विचारलं होतं ना तुला?"

"हो."

"आणि तू काय म्हणालीस?"

मी रडायला लागले. त्यांचा हात टेबलावर असा आपटला की डब्याचं झाकण उडालं. "दोन मिनिटं! दोन मिनिटं लागली असती गं!" आठ वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच. मग म्हणाले, "जा आता. घरी जा." मी रस्ता ओलांडून घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. नवऱ्याला काय झालं ते सांगायला मला संध्याकाळ व्हावी लागली.

पुढचे आठ दिवस ते फोन उचलत नव्हते. मी खिडकीतून त्यांचा दिवा बघायची. कामाला बसले की प्रत्येक रिपोर्टची पहिली ओळ वाचायची, दुसरी वाचायची, आणि घड्याळ लाल व्हायचं. वाटायचं, जावं, त्यांच्या दारात बसावं, त्यांनी चार शिव्या द्याव्यात म्हणजे सुटेन. पण गेले नाही. भीती वाटत होती. खरं सांगायचं तर गाठीची जेवढी वाटत होती तेवढीच त्यांच्या गप्प बसण्याची.

नवव्या दिवशी फोन. "बुधवारी बायोप्सी. सातला गाडी आण." एवढंच.

बायोप्सीच्या वेळी, तिचा निकाल येईपर्यंत, मग ऑपरेशनच्या दिवशी, मी त्यांच्या शेजारी बसलेली असायची आणि आम्ही हवेबद्दल बोलायचो. निकाल कॅन्सरचाच आला. मुलगी प्लेनोहून धावत आली, फुप्फुसाचा खालचा भाग काढला. सर्जन बाहेर आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, हे आठ महिने आधी कळलं असतं तर? ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "सांगता येत नाही. खरंच सांगता येत नाही." दोन वर्षांनी तो आजार परत आला आणि काका त्यातच गेले. मी आजही रोज स्वतःला तो प्रश्न विचारते, आणि उत्तर सर्जननी दिलं होतं तेवढंच आहे.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशननंतरच्या फेब्रुवारीतलं.

काकांनी हॉस्पिटलकडे एक बैठक मागितली. कोर्टकचेरी नको होती त्यांना. मागणं एकच: रिपोर्टमध्ये गाठ लिहिलेली असेल, तळाशी असो नाहीतर माथ्याशी, तर कोणीतरी माणसाने पेशंटला फोन करून सांगायचं. तसा नियम करा. ते मागणं त्यांनी स्वतः टाइप केलं होतं, दीड पान. गाडीत बसताना मला म्हणाले, "तू आत यायचं. पण बोलायचं नाही."

"काका, पण..."

"ऑर्डर आहे."

लहानशी खोली, पाण्याच्या बाटल्या, आणि समोर तक्रारी बघणाऱ्या एक बाई. पन्नाशीच्या असतील, बोलायला अगदी मऊ. त्यांनी दीड पान वाचलं, मान हलवली, मग आपली फाइल उघडली. बोलणं इंग्रजीत चाललं होतं.

"सर, आमच्या नोंदीप्रमाणे फेब्रुवारीचा तो रिपोर्ट ज्या दिवशी आला त्याच दिवशी दुपारी तुमच्या खात्यातून उघडला गेलाय. तो कोणी वाचला?"

खरं सांगितलं असतं तर त्यांचीच बाजू भक्कम झाली असती. रोज रिपोर्ट वाचणारी बाई, तिच्याही नजरेतून ती ओळ सुटली, मग तुम्ही पेशंटच्या डोळ्यांवर कसे काय विसंबता? साधा हिशेब होता, आणि काकांना तो माझ्याआधी कळलेला असणार.

"मी वाचला," काका म्हणाले.

"तुम्ही स्वतः?"

"येस मॅम. खातं माझं, वाचला मी."

बाईंनी लिहून घेतलं. मी काकांकडे बघत राहिले. त्यांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," बाई म्हणाल्या, अगदी मनापासून. "हे रिपोर्ट सामान्य माणसाला समजायला अवघडच असतात. त्यातले सगळे शब्द तुम्हाला कळतील अशी अपेक्षाच नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, आता फुटतील. आता ते माइल्डपासून सुरुवात करतील, अनरिमार्केबल काढतील, गर्भाशय काढतील, या बाईंना खुर्चीसकट गप्प करतील.

काका म्हणाले, "येस मॅम. अवघड असतात."

मी उभी राहिले. हिंमत नव्हती ती, राग होता. त्या बाईंचा, काकांचा, आणि सगळ्यांत जास्त माझा. "नाही," मी म्हणाले, "यांना सगळं कळतं. एकेक शब्द कळतो. वाचला मी होता. यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, यांनी मला विश्वासानं वाचायला सांगितलं. मी शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि सगळं वाचलं म्हणून खोटं सांगितलं."

काठी जमिनीवर आपटली. "तुला बोलू नको म्हटलं होतं ना!" मराठीत. मग हलक्या आवाजात, "काहून बोललीस गं? सार्जंट आपल्या माणसाचं नाव वर देत नसतो."

"मी काही तुमच्या सैन्यात नाही काका!"

बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांनी पेन परत उचललं. "माफ करा, पण नोंदीसाठी विचारते. तुम्ही काय काम करता?"

मला दार दिसत होतं. घरी असते असं म्हणता आलं असतं. मंडळातले निम्मे लोक तसंच समजतात.

"मेडिकल कोडिंग," मी म्हणाले. "दिवसभर रिपोर्ट वाचते. तेच माझं काम आहे."

बाईंचं पेन थांबलं. काका खुर्चीत पुढे सरकले, आपलं दीड पान त्यांनी बोटाने बाईंच्या समोर ढकललं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऐकलंत ना? हिला वाचता येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं. तरी हिच्याकडून सुटलं. आता नियम करा."